अळणी पाणी

आलेकाला शौचाला होऊन चार दिवस झाले होते आणि वाळूच्या घमेल्यात माझ्या बोटांच्या रेघांखेरीज काहीही नव्हते. ज्या बोटांनी एकतीस वर्षे चर्मपत्रांवरची पुसट अक्षरे उकलली, त्यांच्या वाट्याला उतारवयात हे वाचन आले होते. गुरुवारी सकाळी तो घमेल्यात चढला, पाठीची कमान केली, कान मागे पाडले आणि इतका वेळ कुंथत बसला की मीही श्वास रोखून बसले. मग तो उतरला, दोन पावले चालला आणि पांढरे, फेसाळ पाणी ओकला. वाळू कोरडीच राहिली.

आलेका म्हणजे आमच्याकडे चर्चच्या पाठशाळेचा मुख्य पंडित. मांजराला ही पदवी मी दिली, कारण तो विद्यापीठाच्या पोथीघरात जन्मला, त्याने उंदरांपासून गीझ या आमच्या जुन्या धर्मभाषेतल्या शेकडो पोथ्या राखल्या आणि माझ्या प्रत्येक लेखावर एकदा तरी बसून आपले मत नोंदवले. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या मागोमाग तोही निघाला. विद्यापीठाने मला एक ढाल दिली. त्याला काहीच दिले नाही. आम्हा दोघांमध्ये अधिक उपयुक्त काम कोणी केले होते, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

आता तो चौदा वर्षांचा होता आणि त्याची मूत्रपिंडे दोन वर्षांपूर्वीच थकली होती. जनावरांची डॉक्टर नार्दोस हिने त्याचे पोट चाचपून मला जे सांगितले होते ते मी अक्षरशः टिपून ठेवले आहे: "प्रोफेसर, याची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत. अंगाला पाणी कमी पडलं की अंग ते आतड्यातून ओढून घेतं. मग मागे उरतो तो दगड."

यावर मी जे करायला नको होते तेच केले: वाचू लागले. चोथ्याने कोठा साफ होतो असे सर्वत्र लिहिलेले होते, म्हणून मी त्याच्या कोंबडीत गव्हाचा कोंडा कालवला आणि आठवड्याभरात त्याच्या पोटात भिंत बांधली. ती भिंत उतरवताना नार्दोसने माझ्याकडे मान वर करूनही पाहिले नाही.

"कोरड्या मोरीत कोरडा कोंडा टाकला तर मोरी वाहते का, प्रोफेसर? कुठल्या पोथीत वाचलंत हे?" ती म्हणाली. "आधी पाणी. पाणी पुरेसं झालं, तर मग चमचाभर उकडलेला भोपळा. आणि औषधाच्या दुकानातून पिचकारी आणून मागून काही भरू नका. माणसांची ती औषधं मांजराला मारतात."

तेव्हापासून कोंबडी उकडायची, मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. तिच्याच अळणी पाण्यात तिला पार पातळ करायची आणि दिवसातून चार वेळा थोडी थोडी वाढायची. भोपळा मऊ शिजवून, चमच्याने मोजून. पिण्याच्या पाण्याची तीन भांडी तीन खोल्यांत, कारण अन्नाशेजारी ठेवलेले पाणी आलेका तोंडात घेत नसे. हे सारे मी सव्वीस कलमांत, तळटीपांसह, सुवाच्य अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावले. माझी थोरली बहीण येशीमेबेत, जिच्या हातात ते स्वयंपाकघर होते, तिने कागदाकडे लांबून पाहिले.

"अक्षर सुरेख आहे तुझं," ती म्हणाली, आणि मसूर निवडू लागली.

मला ते पुरेसे वाटले. माझे लेखन वाचणाऱ्यांकडून याहून अधिक अपेक्षा मी कधीच केली नव्हती.

या वर्षी भीती आली ती मोठ्या उपासाच्या शेवटच्या आठवड्यात. पंचावन्न दिवस अख्खे अदिस अबाबा शहर मांस, दूध, अंडे यांना शिवत नाही. खाटकांच्या दारांना कुलपे असतात आणि गल्लीतली मांजरे हाडावर येतात. येशीमेबेत एकाहत्तर वर्षांची विधवा. तिच्या पातेल्याला त्या दिवसांत कोंबडीचा वाससुद्धा चालत नाही. म्हणून आलेकाचे शिजवणे अंगणात, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात होई आणि चमच्याला लाल दोरा बांधलेला असे.

"ख्रिस्तासाठी सगळा देश मसूर खातोय," ती खिडकीतून म्हणे, "आणि हे महाराज कोंबडी!"

"तो मसूर तोंडात घेत नाही, एतिये." थोरल्या बहिणीला आम्ही एतिये म्हणतो.

"बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून चैन चाललीय त्याची."

उपास लागण्यापूर्वी मी नऊ कोंबड्या कापून गोठवून ठेवल्या होत्या. शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी वीज गेली आणि दोन दिवस आली नाही. बुधवारी मी उरलेल्या तीन कोंबड्या पुरल्या. मशिदीमागच्या गल्लीत नुरियाचे कोंबड्यांचे दुकान बारा महिने उघडे असते. पण मुसलमानाच्या सुरीचे मांस आमच्या घरात येत नाही आणि आमच्या सुरीचे त्यांच्या घरात जात नाही. या प्रथेवर मी एकदा दीर्घ निबंध लिहिला होता. त्याने ती जगात कुठेही सैल झाली नाही, माझ्या स्वतःच्या उंबऱ्यावर तर मुळीच नाही. सोमवारी वीज गेली त्याच दिवशी मी एका मोठ्या दुकानातून परदेशी कोरडे दाणे आणून ठेवले होते. पुडक्यावर 'मूत्रपिंडांसाठी' असे छापलेले होते. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणे हा आमच्या धंद्याचा रोग आहे. आलेकाने ते दाणे आवडीने कुरकुरत खाल्ले, आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच प्याला. पूर्वी त्याचे बहुतेक पाणी अन्नातूनच पोटात जात होते, हे माझ्या सव्वीस कलमांत अकराव्या क्रमांकावर, मी स्वतः लिहिलेले होते.

शुक्रवारी, ख्रिस्ताला क्रूसावर खिळल्याच्या दिवशी, सकाळी त्याने मान वर केली नाही. त्याचे पोट हाताला टणक लागत होते. आत सुपाऱ्यांची माळ ओवावी तसे. रस्त्यावर वाहन नव्हते. सगळे शहर पांढरी वस्त्रे लेवून दिवसभर साष्टांग नमस्कार घालायला चर्चकडे निघाले होते. नार्दोसचा फोन बंद होता. मी प्रथा गुंडाळून ठेवली आणि चालत नुरियाच्या गल्लीत गेले.

"आज?" नुरियाने डोळे मोठे केले. "आज तर तुमचे लोक थुंकीसुद्धा गिळत नाहीत."

"मांजरासाठी हवीय."

"मांजर कोणाचं?"

"माझं."

"मग ते तुमच्यातलंच. त्याला विचारून आलात ना, बाई? नाहीतर उद्या पाद्री माझ्या दारात." असे म्हणत तिने कोंबडी बांधून दिली, सगळ्यात कोवळी निवडून.

घरी परतले तर दारातच मला वास आला. कडू, धुळकट, शेवटी किंचित गोडसर. तो वास मी कोठेही ओळखला असता. कोसो. या देशात आम्ही कच्चे मांस खातो, त्यातून जंत होतात, आणि जंतांवर आम्ही कोसोच्या झाडाची वाळलेली फुले वाटून पितो. तो जुलाब इतका जालीम असतो की धडधाकट माणूस दिवसभर परसाकडे बसून राहतो आणि संध्याकाळी भिंत धरून घरात येतो. ज्या औषधी पोथीच्या संपादनात माझी नऊ वर्षे गेली, तिच्यात कोसो एकोणीस ठिकाणी येतो. एका पानाच्या समासात लेखकूने आपली नोंद केली आहे: दोनदा कोसो घेतला, ओळ दिसेनाशी झाली आहे. त्यापुढे अक्षरे वाकडी होत जातात, आणि त्यानंतरची पाने दुसऱ्याच्या हातची आहेत. या नोंदीवर मी अडीच पानांची टीप लिहिली होती. तिला बक्षीस मिळाले होते.

खलबत्त्यात लालसर चुरा होता. येशीमेबेत कॉफीचा पेला विसळत होती. आलेका पलंगाखाली होता, आणि त्याच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती.

"किती दिलास?" मी विचारले.

"आधी ती पिशवी बाहेर ठेव. कोणाच्या हातची आहे ते कळतं मला."

"एतिये. किती?"

"पेलाभर केला होता. चारपाच दिवस बघतेय, बूड घासत फिरतो, कुंथतो, पोट फुगलंय. अंगणात चिमणीची पिल्लं कच्ची खातो. जंत नाहीत तर काय आहे? आई आपल्याला द्यायची की नाही? तू मेलीस का?"

"पेल्यातला किती त्याच्या पोटात गेला?"

"अर्धा माझ्या अंगावर थुंकला. उरलेल्यातला अर्धा फरशीवर." तिचा आवाज खाली आला. "उरलेला मला माहीत नाही."

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. मी तळटीप देते. मी तिला अत्यंत शांतपणे सांगितले की जे आतडे कोरडे पडले आहे त्याला जुलाब देणे म्हणजे काय, आणि जे मूत्रपिंड पाण्यावाचून आहे त्याचे उरलेसुरले पाणी असे बाहेर काढणे म्हणजे काय. मी वापरलेले शब्द इतके नेमके होते की तिला त्यातला एकही कळला नाही. तिला फक्त माझा चेहरा कळला. तिने पेला खाली ठेवला, भिंतीवरची आपली नेतेला घेतली, म्हणजे चर्चला जाताना पांघरायचे ते पांढरे सुती वस्त्र, आणि पलंगाखाली हात घालून आलेकाला त्यात गुंडाळले.

"ती डॉक्टरीण आमच्याच चर्चला येते," ती म्हणाली. "चल."

टोपलीत नेतेला, नेतेलात मांजर, असे आम्ही टेकडी चढलो. तो आत एकदाही ओरडला नाही. मांजर टोपलीत ओरडते तोवर ठीक असते. दोनदा मी कापड उचलून छाती हलते का ते पाहिले. दोन्ही वेळा छाती हलण्यापूर्वी जो क्षण गेला तो मला आजही मोजता येत नाही.

चर्चच्या आवारात, स्त्रियांच्या बाजूला, हजारएक पांढऱ्या पाठी एकदम वर येत होत्या आणि एकदम खाली जात होत्या. "किर्यालायसोन", म्हणजे प्रभू दया कर, या घोषाबरोबर कपाळे मातीला लागत. सगळ्यांची डोकी झाकलेली, सगळ्यांची तोंडे पलीकडे. मी रांगांच्या कडेने धावले. नार्दोसचा आवाज मी ओळखला असता, अक्षरही ओळखले असते. पांढऱ्या कापडाखालची पाठ मला ओळखता येईना. एवढ्यात टोपलीतून कण्हल्यासारखा एक बारीक आवाज आला आणि मला वाटले, संपले.

"पळू नकोस," येशीमेबेत म्हणाली. "पुन्हा खाली वाकू देत."

सगळ्या बायका वाकल्या. हजार जोडी अनवाणी तळवे आमच्याकडे झाले. बहीण मान किंचित कलती करून रांगेमागून रांग पाहत गेली, मंडईत वांगी पाहावीत तशी.

"ती. डाव्या टाचेवर कुत्र्याच्या दातांचा अर्धा चंद्र. आपल्याकडे कॉफीला आली तेव्हा चपला काढून बसली होती. तू तिला कुठल्याशा राजाचं सांगत होतीस."

नार्दोस कपाळाला माती घेऊन उठली. तिने टोपलीकडे पाहिले, काही न विचारता आम्हाला घंटावाल्याच्या खोलीच्या पायरीशी नेले. तोंडाचा वास घेतला. हिरड्यांवर बोट फिरवले, बोट चिकटले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी खाली बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली.

"कोसो?"

"मी दिला," येशीमेबेत म्हणाली. माझ्याकडे पाहायलाही थांबली नाही.

नार्दोसने मोबाइलचा दिवा त्याच्या डाव्या डोळ्यावर धरला, मग उजव्या. उजवी बाहुली मोठी, काळी, तशीच राहिली. मला समासातली ती ओळ दिसली, आणि तिच्यापुढची वाकडी होत जाणारी अक्षरे.

"आंधळा होईल का?"

"आत्ता सांगता येणार नाही. आधी पाणी. गाडीत सलाइनची पिशवी आहे." ती अनवाणीच गेली आणि परत आली. "उन्हानं कोमट झालीय. देवाची कृपा म्हणा, नाहीतर मी सावलीत गाडी लावायला विसरले म्हणा."

तिने त्याच्या खांद्यांमध्ये, कातडीखाली सुई घातली. येशीमेबेतने पिशवी उंच धरली. हळूहळू आलेकाच्या पाठीवर बैलासारखे वशिंड उभे राहिले.

"हे काय झालं?"

"पाणी, आजी. याच्या अंगात पाणीच नाही. म्हणून आतलं सगळं दगड झालंय. जंत नाहीत याला."

बहिणीचा हात क्षणभर खाली आला. नार्दोसने तो कोपराला धरून वर केला.

"पाणी?" येशीमेबेत म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच. आता थांबायचं. जुलाब लागला तर आणखी पाणी जाईल, न लागला तर औषध आतच राहील. मी इथेच आहे. घरी नेऊ नका, वाटेत काही झालं तर मी सापडणार नाही."

म्हणून आम्ही थांबलो. उन्हे कलली. शेवटी पाद्री ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन बाहेर आले. या दिवशी लोक पाठ वाकवून आपली चूक कुजबुजतात, पाद्री डहाळी पाठीवर मारतो आणि किती नमस्कार घालायचे ते सांगतो. त्यांतले अब्बा वोल्दे आमच्या पायरीशी आले तेव्हा येशीमेबेत वाकली. ती किंचित बहिरी असल्यामुळे तिची कुजबुज अर्ध्या आवाराने ऐकली.

"अब्बा, मी कोसो पाजला."

"कोणाला?"

"हिच्या मांजराला."

अब्बांनी विचार केला. "मांजर कच्चं मांस खातं का?"

"खातं."

"मग चुकलीस कुठे?"

त्या आवारातल्या कोणीही, उद्या, परवा, त्याच मायेने, तोच पेला त्याच्या तोंडाला लावला असता.

"त्याला जंत नव्हते, अब्बा. पाणी कमी होतं. हिला ठाऊक होतं. दारावर एवढा मोठा कागद लावला, आणि मला तोंडानं एक शब्द बोलली नाही. दोन वर्षं."

डहाळी तिच्या पाठीवर पडली. "एक्केचाळीस." मग अब्बा माझ्याकडे वळले. मी वाकलेली नव्हते. वीस वर्षांत मी तिथे वाकलेली नाही. "आणि कागदवालीला एक्केचाळीस."

"अब्बा, मी काही कबूल केलेलं नाही."

"तिनं केलं ना तुझ्या वतीनं. थोरली आहे."

पहिला नमस्कार मी संतापाने घातला. दुसऱ्याला लक्षात आले की कपाळ मातीला लागले की टोपलीच्या विणीतून आलेका दिसतो. त्याचा डोळा माझ्या डोळ्याच्या उंचीला होता. उघडा, काळा, माझ्याकडे लागलेला. आणि तो मला पाहतो आहे की नाही हे मला कळत नव्हते. मग मी तेवढ्यासाठीच वाकत राहिले. गुडघे पेटले होते. नवव्याला त्याने डोळा मिटला आणि बराच वेळ उघडला नाही. मी खालीच राहिले, बहिणीने मला कोपराने ढोसेपर्यंत. चौदाव्याला तो उठून बसला. पंधराव्याला पाठीची कमान झाली. सोळाव्याला मी वर आलेच नाही. त्याचे सगळे अंग थरथरत होते, आणि त्याच्या घशातून मी कधी न ऐकलेला आवाज आला.

मग वास आला.

"माझी नेतेला!" येशीमेबेत किंचाळली. पुढच्या तीन रांगांनी मागे वळून पाहिले.

नार्दोसने कापड उघडले, काडीने चाचपले. "आधीचं दगड, मागचं मऊ. रक्त नाही." तिने श्वास सोडला. "पण जुलाबही लागलाय, तेव्हा आज रात्री मी आणखी एक पिशवी घेऊन येते. मूत्रपिंडाला किती लागलंय ते उद्या रक्त तपासल्यावर कळेल. तोवर ते दाणे बंद, आणि दर तासाला डोळ्यावर दिवा धरा. बाहुली आकसते का बघा."

"तुझे पंचवीस राहिलेत," बहीण मला म्हणाली.

मी पंचवीसही घातले.

घरी आलो तेव्हा ऊन अंगणातून भिंतीवर चढले होते. मी आलेकाला मांडीवर घेऊन दिवा धरला. डावी बाहुली आकसून रेघ झाली. उजवी तशीच होती. मी दिवा बाजूला केला, पुन्हा आणला. ती हलली, आळसाने, अर्धवट, एखाद्याने अनिच्छेने दार लोटावे तशी. पण हलली. तासाभराने पुन्हा पाहायचे होते, आणि त्या तासात काय होईल हे सांगणारी एकही पोथी माझ्याकडे नव्हती.

आतून सुरीचा आवाज आला. मी दारात गेले. येशीमेबेतने काल संध्याकाळपासून घोटभर पाणीही घेतले नव्हते, आणि उद्या रात्रीपर्यंत घेणार नव्हती. ती नुरियाची कोंबडी कापत होती. आपल्या फळीवर. आपल्या सुरीने. आपल्या चुलीवर तिने आपले मसुराचे पातेले ठेवले होते.

"अंगणातली शेगडी पेटवते मी, एतिये."

"तिला वेळ लागतो." तिने वर पाहिले नाही. "मीठ?"

"नाही."

"कांदा?"

"नाही. लसूणही नाही."

"मग यात असतं तरी काय?"

"पाणी."

तिने पातेल्यात डोकावून पाहिले आणि आणखी एक तांब्या ओतला.